आधी गच्ची, मग बाकी सगळं: जुन्या आरसीसी कलादालनाचं नूतनीकरण कसं हाताळावं

साठ ते ऐंशीच्या दशकांत बांधलेली कलादालनं आता एकदमच म्हातारी होताहेत. सपाट गच्ची, रंग न दिलेलं काँक्रीट, ऊन अडवणारे उभे फिन, सिमेंटची जाळी, उत्तरेचा उजेड घेणारं दातेरी छप्पर, मोझॅकची जमीन, लोखंडी चौकटीच्या खिडक्या. छतातून सळई डोकावू लागली की समितीची बैठक लागते आणि ठराव बहुधा ठरलेलाच असतो: बाहेरून एसीपीचे (ॲल्युमिनियम कंपोझिटचे) पत्रे, आतून पीओपीचं फॉल्स सीलिंग, खाली व्हिट्रिफाइड टाइल आणि दोन-दोन टनांचे स्प्लिट एसी. उद्घाटन झोकात होतं. दोन-तीन पावसाळ्यांनी सीलिंगवर पिवळे डाग उमटतात आणि त्याच्या वर काय चाललंय, ते आता कुणालाच दिसत नाही.

मराठवाड्यातल्या अशा कामात पैशापेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी पाणी अडवायचं, मग लोखंड वाचवायचं, मग वीज, मग हवा आणि उजेड. रंग सगळ्यात शेवटी.

जपायचं काय, ते आधी कागदावर

या वयाच्या इमारतींना कायद्याचं छत्र फारसं नसतं. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात किमान शंभर वर्षांची अट आहे. दिल्लीत प्रगती मैदानावरचं १९७२ चं हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचं प्रदर्शन-दालन वारसा समितीच्या साठ वर्षांच्या अटीत बसलं नाही आणि एप्रिल २०१७ मध्ये पाडलं गेलं. म्हणून निविदा काढण्याआधी एक पानभर यादी करा आणि समितीकडून ठरावाने मंजूर करून घ्या: कशाला हात लावायचा नाही (उघडं काँक्रीट, फिन, जाळी, जिना, मोझॅकची जमीन), काय दुरुस्त करायचं आणि काय बिनधास्त काढायचं (मागाहून घातलेली पार्टिशनं, पत्र्याच्या शेड, लोंबणाऱ्या केबली). ही यादी निविदेला जोडली नाही, तर जाळीच्या जागी सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्या बसल्याचं तुम्हाला बिल आल्यावर कळेल.

मूळ नकाशे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा पालिकेच्या अभिलेखात शोधा, नसतील तर वास्तुविशारदाच्या कार्यालयाकडे विचारा. तिथेही नाही मिळाले, तर कव्हर मीटरने सळया शोधून नकाशा नव्याने काढावा लागेल. त्याचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा.

कॅलेंडर

निधी बहुतेक वेळा मार्चच्या तोंडावर येतो. कार्यारंभ आदेश निघेपर्यंत मे उजाडतो, ठेकेदार जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्चीचा कोबा फोडतो आणि मृगाचा पाऊस थेट दालनात. ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते. प्रशासकीय मान्यता कधीही मिळो, तांत्रिक मान्यता आणि निविदेची कागदपत्रं पावसाळ्यातच तयार ठेवा, म्हणजे काम ऑक्टोबरला सुरू होईल.

काँक्रीटची दुरुस्ती ऑक्टोबर ते फेब्रुवारी. गच्ची जानेवारी ते मध्य एप्रिल, मे महिना राखीव. गळतीखालच्या काँक्रीटला मात्र तिथली गच्ची झाल्यावरच हात लावा. ३१ मेनंतर गच्चीचा एक चौरस फूटही उघडा नको. आतली कामं, म्हणजे वायरिंग, भिंती, जमीन, पावसाळ्यात खुशाल करा, पण गच्चीची पाणी-चाचणी पास झाल्यावरच. मे महिन्यात काँक्रीटची दुरुस्ती का नको? ४२ अंशांच्या उन्हात बाँडिंगचा हात (नवा मसाला जुन्या काँक्रीटला चिकटवणारा थर) लावला की मसाला येईपर्यंत तो सुकतो आणि सुकलेला बाँडिंगचा थर जोडण्याऐवजी दोन थर वेगळे करतो.

पाहणी: हातोडी, फिनॉल्फथॅलीन आणि एक वर्ष

सुरुवात साध्या हातोडीने. छत, तुळई, फिन, पॅरापेट, सगळं ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खडूने घेर आखा, फोटो काढा, नकाशावर चौरस मीटर मांडा. त्यानंतर यंत्रं.

पृष्ठभागाचा कडकपणा मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरच्या नुसत्या आकड्यांवर भरवसा नको. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या क्रियेने) कडक झालेला असतो, त्यामुळे आकडा फुगून येतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली गेला, तर ते काँक्रीट शंकास्पद धरा आणि तिथून कोअर (काँक्रीटचा नळकांडी नमुना) काढा. एका गटात किमान तीन कोअर हवेत. त्यांची सरासरी ताकद अपेक्षित ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. त्या काळात एम१५ ग्रेडचं काँक्रीट सर्रास वापरलं जायचं. काँक्रीटच्या आजच्या भारतीय संहितेत (आयएस ४५६) आरसीसीला किमान एम२० लागतं. म्हणजे रिपोर्टमध्ये १५ चा आकडा दिसला म्हणून इमारत पाडायला निघू नका.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी चाचणी फिनॉल्फथॅलीनची. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर अल्कोहोलमधलं एक टक्का द्रावण शिंपडा. गुलाबी झालं तो भाग निरोगी. रंग आला नाही, तिथली अल्कधर्मी ढाल संपली. ही रंगहीन खोली कव्हरशी, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीशी, ताडून पाहा. १९७८ च्या संहितेत स्लॅबला १५ मिलिमीटर कव्हर चालायचं, आणि ७५ मिलिमीटर जाडीच्या फिनमध्ये प्रत्यक्षात तेही मिळत नाही. सळईचा विद्युतदाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचा आकडा आला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर. उणे २०० च्या अलीकडे निर्धास्त राहा.

आता मराठवाड्यातला बारकावा. कोरड्या हवेत कार्बोनेशन आत सरकत राहतं, पण गंज चढायला ओल लागते. म्हणून एकाच स्लॅबमध्ये रंगहीन झालेला पण धडधाकट भागही दिसतो आणि गळतीखालचा सडलेला भागही. गळती थांबवली की उरलेल्या भागाचा गंज आपोआप मंदावतो. गच्ची आधी, याचं कारण हेच.

याच वेळी आत पाच-सहा डेटा लॉगर ठेवा: प्रत्येक दालनात एक, भांडारात एक, बाहेर सावलीत एक. तापमान आणि आर्द्रतेची वर्षभराची नोंद हाती आल्याशिवाय वातानुकूलनाचा आराखडा करू नका. भिंतीच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या तारीख टाकून चिकटवा आणि मे व सप्टेंबर, दोन्ही वेळा वाचा.

चित्रं आधी हलवा

काम सुरू असताना चित्रं "त्या कोपऱ्यात झाकून ठेवू" हा विचार सोडून द्या. काँक्रीट फोडताना उडणारी अल्कधर्मी धूळ ताडपत्रीतूनही शिरते, आणि ब्रेकरची थरथर जुन्या तैलरंगाचे पापुद्रे सोडवते. प्रत्येक कृतीचा क्रमांक, पुढून-मागून फोटो, अवस्थेची नोंद आणि दोन सह्या. रंगाच्या बाजूला ग्लासीन कागद, त्यावर फोम. बबलरॅपचे फुगे रंगाला टेकवू नका, उन्हाळ्यात त्यांचे गोल ठसे उमटतात. तात्पुरतं भांडार तळमजल्यावर नको. सगळं जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर, लोखंडी रॅकवर. लाकडी रॅक ठेवलात तर वाळवीला घरपोच जेवण.

गच्ची

गच्चीचा इतिहास थरांत वाचता येतो. मूळ ब्रिकबॅट कोबा, त्यावर कुणीतरी घातलेला दुसरा कोबा, त्यावर डांबरी थर, त्यावर चुन्याचा हात. १०० मिलिमीटर कोब्याचं वजन चौरस मीटरला जवळपास २०० किलो. गच्चीच्या डिझाइनमध्ये माणसांच्या वावरासाठी धरलेला भार सुमारे १५० किलो. म्हणजे गळती थांबवायला घातलेल्या एकाच जादा थराने ती सगळी सूट खाऊन टाकली. म्हणून जुन्यावर नवा थर नको. सगळं स्लॅबपर्यंत उतरवा.

उतरवताना खाली टेकू द्या. यंत्राचा ब्रेकर नको, छन्नी-हातोड्याने छोट्या पट्ट्यांत फोडा. राबिट (फोडलेला मलबा) गच्चीवर ढीग लावून ठेवायचं नाही, त्याच दिवशी च्यूटने खाली. एका जागी मीटरभर उंच ढीग म्हणजे चौरस मीटरला दीड टनाच्या आसपास भार, तोही दुखऱ्या स्लॅबवर.

पाणी जायच्या वाटा मोजा. ताशी १०० मिलिमीटर पावसात १०० मिलिमीटरचा एक पाइप साधारण ४० चौरस मीटर गच्ची सांभाळतो. ६०० चौरस मीटरच्या गच्चीला असे १५ पाइप लागतात. जुन्या इमारतीत चार सापडले तरी नशीब, आणि त्यातला एक कबुतराच्या घरट्याने बुजलेला असतो. भिंतीत गाडलेले जुने बिडाचे किंवा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पाइप दुरुस्त करत बसू नका. बंद करा आणि नवे पाइप बाहेरून घ्या, फिनच्या सावलीत, दर्शनी बाजू सोडून. शिवाय पॅरापेटमध्ये गच्चीच्या पातळीच्या ५० मिलिमीटर वर जादा पाण्याची नळी ठेवा. तिच्यातून पाणी पडताना दिसलं की खालचं तोंड तुंबलंय, हे रस्त्यावरूनही कळतं.

थरांचा क्रम असा: स्लॅबच्या भेगा भरणं, १:१०० उताराचा स्क्रीड (मसाल्याचा थर), पॅरापेटच्या पायाशी ७५ मिलिमीटरचा वाटा (कोपऱ्यातली गोलाई), त्यावर वॉटरप्रूफिंगचा पडदा (पॉलियुरेथेनचा द्रव थर किंवा एपीपी मेम्ब्रेन, म्हणजे डांबरी चादर) भिंतीवर ३०० मिलिमीटर चढवून खाचेत दाबलेला. मग पाणी-चाचणी. ती पास झाली की ५० मिलिमीटर एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या पाट्या), जिओटेक्स्टाइलचं कापड, सांध्यांनी तुकडे पाडलेला ५० मिलिमीटरचा संरक्षक स्क्रीड आणि वर पांढरा चायना मोझॅक. एक्सपीएसचं वजन चौरस मीटरला दोन किलोच्या आत असतं आणि मे महिन्याचं ऊन अडवायला ते कोब्यापेक्षा कितीतरी सरस.

चाचणीसाठी ५० मिलिमीटर पाणी ४८ ते ७२ तास साठवायचं. ६०० चौरस मीटरला ३०,००० लिटर लागतात, म्हणजे दहा हजारी तीन टँकर. एप्रिलमध्ये ते मिळतीलच असं नाही, आणि मिळाले तरी लोक विचारतील. मसाल्याचे बांध घालून १५० चौरस मीटरचे चार भाग करा. तेच साडेसात हजार लिटर पंपाने एका भागातून दुसऱ्यात फिरवा. प्रत्येक भागाखाली छतावर खडूने चौकट आखून माणूस बसवा. ओल कुठे आली यापेक्षा किती तासांनी आली, याची नोंद जास्त उपयोगी. लवकर आली तर पाइपाचं तोंड, उशिरा आली तर भेग.

दातेरी छपराची पन्हळ वेगळी हाताळा. दोन दातांमधली ही खाच पहिली गळते, कारण ती साफ करायला माणूस तिथे पोहोचतच नाही. पाय ठेवता येईल एवढी, किमान ३०० मिलिमीटर रुंदी आणि चढायला कायमची शिडी ठेवा. काचांची पुट्टी उखडून लॅमिनेटेड काच बसवा. तिच्यातला पीव्हीबी प्लास्टिकचा पडदा जवळपास सगळी अतिनील किरणं अडवतो आणि फुटली तरी काच खाली पडत नाही. छपरावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते भिजवून, न फोडता, बोल्ट कापून अखंड उतरवा. कामगारांना बारीक धूळ अडवणारे पी३ दर्जाचे मास्क द्या, पत्रे दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडेच पाठवा. भंगारवाल्याला देऊ नका, ते दुसऱ्या कुणाच्या गोठ्यावर चढतात.

काँक्रीट

पोकळ भागाची कड ग्राइंडरने १० मिलिमीटर खोल चौकोनी कापून घ्या. कड पातळ होत गेली तर मसाला तिथून सुटतोच. सळईच्या मागे २० ते २५ मिलिमीटर मोकळं होईपर्यंत फोडा आणि लांबीत, चकचकीत लोखंड लागेपर्यंत पुढे जा. इथे ठेकेदार हमखास थांबतो, कारण मोजमाप वाढतं आणि इंजिनिअर ओरडतो. ओरडू नका. अर्धवट सोडलेल्या सळईचा दुरुस्त भाग सुरक्षित राहतो आणि शेजारचा भाग आणखी वेगाने गंजतो, म्हणून दोन वर्षांनी फूट नेमकी पॅचच्या कडेलाच येते.

तारेच्या ब्रशने किंवा ब्लास्टिंगने गंज काढा. व्यास दहा टक्के घटला म्हणजे छेद जवळपास वीस टक्के गेला. तिथे जोडसळई द्या आणि लॅपची (दोन सळया शेजारी ठेवून जोडण्याची) लांबी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. सळईला झिंकयुक्त प्रायमर, काँक्रीट भिजवून वर कोरडं ठेवा, बाँडिंगचा हात, आणि तो ओला असतानाच पॉलिमर मसाला १० ते १५ मिलिमीटरच्या थरांनी. ५० मिलिमीटरहून खोल जागी फळ्या बांधून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं वाहतं काँक्रीट) ओता. सात दिवस ओलं गोणपाट.

पाणी तपासल्याशिवाय बोअरचं वापरू नका. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही आणि उन्हाळ्यात खोल गेलेल्या बोअरला हा आकडा सहज ओलांडता येतो. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागवा, तोच नियम क्युरिंगच्या टँकरलाही लावा.

उघड्या काँक्रीटवर पॅचचा रंग जुळवणं ही वेगळीच डोकेदुखी. जुनं काँक्रीट नदीच्या वाळूचं, पिवळसर-करडं. आजची क्रश सँड आपल्या काळ्या पाषाणाची, त्यामुळे पॅच काळपट दिसतो. पांढरं सिमेंट आणि फिकट वाळूची भुकटी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून ३०० बाय ३०० मिलिमीटरचे सहा नमुने करा, महिनाभर उन्हात ठेवा, मग निवडा. ओल्या नमुन्यावर कधीच निर्णय घेऊ नका. मूळ पृष्ठभागावर फळ्यांच्या रेघा असतील, तर तशाच रेघांची फळी ओल्या मसाल्यावर दाबा. शेवटी पाणी अडवणारा पारदर्शक सिलेन-सिलॉक्सेनचा हात. रंग द्यायचा मोह टाळा, वाळूचा मारा तर अजिबात नको.

काळी माती आणि भूकंप

भिंतीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, वर रुंद आणि खाली बारीक होणारी भेग उन्हाळ्यात उघडत असेल आणि पावसाळ्यात मिटत असेल, तर दोष काळ्या मातीचा. त्या भेगेत मसाला भरून काही होत नाही. पुढच्या पावसात मातीला फुगायला जागा लागते आणि भिंत दुसरीकडे फुटते. पायाजवळची ओल वर्षभर सारखी ठेवणं हाच उपाय. जोत्याभोवती दीड मीटर रुंद, बाहेर १:३० उताराचा शहाबादी फरशीचा पट्टा घाला. पावसाळी पाइप त्या पट्ट्यापलीकडे सोडा. भिंतीलगतची हिरवळ काढा, कारण उन्हाळाभर एकाच बाजूला पाणी घातलं की इमारतीची तीच बाजू वर उचलली जाते. काचेची पट्टी दोन्ही ऋतूंत सलग फुटत राहिली, तर भू-तंत्रज्ञ बोलवा.

पट्टा घालण्याआधीच वाळवीचं काम उरका: भिंत आणि जमीन मिळते तिथे ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरची छिद्रं, प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण, मग बंद.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात हा विषय पर्यायी राहिलेला नाही. आधुनिक शैलीतल्या इमारतींत दोन कच्चे दुवे असतात. एक, लांबलचक पट्टी-खिडकीखाली अर्धी भिंत आणि त्यामुळे उघडा राहिलेला आखूड खांब: हादऱ्यात तोच कापला जातो. दुसरा, खालून मोकळा, खांबांवर उभा मजला. आयएस १५९८८ या भारतीय मानकाप्रमाणे भूकंपाच्या दृष्टीने तपासणी करून घ्या. आखूड खांबापासून विटांची भिंत १५-२० मिलिमीटर सोडवून मऊ भरण घालणं आणि भिंत कोसळू नये म्हणून क्लिपा बसवणं, हा स्वस्तातला उपाय बऱ्याचदा पुरतो. जड जाळ्या आणि पॅरापेट खांब-तुळयांच्या फ्रेमला बांधून घ्या.

वीज आणि आग

जुनं ॲल्युमिनियमचं वायरिंग तपासत बसण्यापेक्षा बदला. नवी वायर तांब्याची, हॅलोजनमुक्त इन्सुलेशनची, ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारे ब्रेकर) आणि दालनागणिक वेगळं सर्किट. इन्सुलेशन तपासणाऱ्या ५०० व्होल्ट मेगरवर एक मेगाओहमच्या खाली आलेलं सर्किट स्वीकारू नका. उघड्या काँक्रीटमध्ये खाचा पाडायच्या नाहीत. जीआय पाइप उघडेच, सरळ रेषेत न्या. या शैलीला ते शोभतंही.

दुरुस्तीच्या काळातच आगीचा धोका सगळ्यात मोठा. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची मॅकिंटॉश इमारत २०१४ मध्ये जळाली आणि दुरुस्ती चालू असतानाच जून २०१८ मध्ये पुन्हा जळाली. वेल्डिंग किंवा मेम्ब्रेनच्या गॅस टॉर्चला रोज लेखी परवाना द्या, काम संपल्यावर तासभर पहारा ठेवा आणि दुपारी चारनंतर टॉर्च बंद.

हवा आणि उजेड

दालनात डेझर्ट कूलर नको. मे महिन्यात बाहेरची आर्द्रता १५-२० टक्के असते आणि कूलर लावला की तासाभरात ती सत्तरच्या घरात जाते, बंद केला की पुन्हा खाली. कागद आणि कॅनव्हास या हेलकाव्याने मरतात. एसी दिवसा चालू, रात्री बंद, हाही त्यातलाच प्रकार. ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान हळूहळू ऋतूप्रमाणे सरकणारी आर्द्रता आजकाल स्वीकारली जाते. एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त चढ-उतार नको. हे गाठायला आधी यंत्र नको: गच्चीचं एक्सपीएस, दुरुस्त फिन, दारापाशी दुहेरी दरवाजे, फटींना रबर. लॉगरचा आलेख पुन्हा पाहून मगच एसीचं टनेज काढा, आकडा उतरलेला दिसेल. हिमरू, पैठणी, जलरंग अशा नाजूक वस्तूंसाठी पूर्ण दालनापेक्षा बंद पेटी परवडते: आतल्या दर घनमीटरला २० किलो अनुकूलित सिलिका जेल.

कापड आणि कागदाला ५० लक्स, तैलचित्रांना २०० पर्यंत. एलईडीचा सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक) ९० च्या वर हवा. ५० लक्स रोज आठ तास, वर्षात ३०० दिवस म्हणजे १,२०,००० लक्स-तास. एवढ्या उजेडाने रंग उडतो, म्हणून तीन-चार महिन्यांनी पैठणी भांडारात विसाव्याला गेलीच पाहिजे. उत्तरेच्या काचा काळ्या रंगवू नका. आत पांढरे पडदे लावले की उजेड मोजून घेता येतो.

जमीन आणि खिडक्या

मोझॅकवर टाइल चढवली की दरवाजे घासतात आणि स्लॅबवर वजन वाढतं. घासाई करा: ६०, १२०, ३२० नंबरचे दगड, मधे सिमेंटचा ग्राउट, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचं पॉलिश. तुटलेल्या जागी त्याच खडीचा नमुना जुळवून भरा. लोखंडी खिडक्या खरवडून झिंक फॉस्फेट प्रायमर, नवी पुट्टी, बिजागऱ्यांना तेल. तेवढ्यात त्या पुढची वीस-पंचवीस वर्षं काढतात.

निविदा, बिलं, हस्तांतर

काँक्रीट दुरुस्ती एकरकमी देऊ नका. २५ मिलिमीटरपर्यंत, २५ ते ५० आणि त्याहून खोल, असे तीन वेगळे दर मागवा. फोडल्यावर मोजमाप वाढतंच, म्हणून पंधरा-वीस टक्के राखीव धरा. मोजमाप पुस्तकात नोंद मसाला भरण्याआधी, फोडलेल्या खड्ड्यात टेप ठेवून काढलेल्या फोटोसह. झाकल्यावर घेतलेलं माप कुणीच सिद्ध करू शकत नाही. दरसूचीत नसलेल्या बाबींचं, म्हणजे एक्सपीएस, सिलेन, डेटा लॉगर यांचं दरपृथक्करण आधीच मंजूर करून घ्या, नाहीतर लेखापरीक्षणात अडकाल.

सुरक्षा ठेवीचा मोठा हिस्सा दोन पावसाळे पूर्ण झाल्यावरच सोडा आणि दोष दायित्वाचा कालावधी निविदेत महिन्यांत न लिहिता पावसाळ्यांत लिहा. हस्तांतराच्या फाइलमध्ये बदललेले नकाशे, मसाल्याचं प्रमाण, काँक्रीटचा निवडलेला नमुना, मोझॅकची दोन पोती खडी आणि गच्चीच्या पाइपांचा क्रमांकवार नकाशा असावा. गच्चीची एक किल्ली पहारेकऱ्याकडे. २० मे, १५ जुलै आणि १५ सप्टेंबर या तारखांना त्याने पाइपांची तोंडं आणि पन्हळ साफ करून नोंदवहीत सही करायची, आणि ती नोंदवही दर महिन्याला कुणीतरी उघडून बघायची.